‘हॅक होऊच शकत नाही’ म्हणे!

पहिलं हार्डवेअर वॉलेट, म्हणजे क्रिप्टो नाण्यांची गुप्त किल्ली सांभाळणारं छोटं उपकरण, घ्यायच्या आधीच खोक्यावरच्या ‘हॅक होऊच शकत नाही’ अशा दाव्यांवर शंका घेताय, हे उत्तम.

असे दावे वाचले की मला २०१८ चं बिटफाय नावाचं वॉलेट आठवतं. अँटिव्हायरसवाल्या जॉन मॅकाफींनी त्याचा केवढा गाजावाजा केला, बक्षीसही लावलं. अट काय, तर उपकरणातून नाणी काढून दाखवा. आणि कंपनीच्याच म्हणण्यानुसार किल्ली तर त्यात साठवलेलीच नसायची, मग काढणार काय? तरी संशोधकांनी उपकरणाचा ताबा मिळवून त्यावर चक्क डूम हा व्हिडिओ गेम चालवून दाखवला. ऑगस्टअखेर कंपनीने ‘अनहॅकेबल’ (हॅक न होणारं) हा शब्द मागे घेतला.

म्हणून विचारायचं एकच: सुरक्षित, पण कुणापासून? कॉम्प्युटरमधल्या व्हायरसपासून, की वॉलेट हातात पडलेल्या चोरापासून? २०२० मध्ये क्रॅकेन या क्रिप्टो एक्स्चेंजच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की तेव्हाचं ट्रेझर वॉलेट हाती लागलं तर साधारण १५ मिनिटांत सीड (ज्या शब्दांवरून अख्खं वॉलेट परत उभं करता येतं ते) काढता यायचं. वर मजबूत पासफ्रेज (सीडला जोडलेला तुमचा वेगळा गुप्त शब्द) असेल तर तेवढ्यावर चोराचं भागत नाही.

माझ्या पाहण्यातले नवखे मात्र चिप फोडल्यामुळे बुडाले नाहीत. ते बुडाले असे:

- सीडच्या शब्दांचा फोटो काढून ठेवला, किंवा ‘सपोर्ट’वाल्याला सांगितले.
- शब्द आधीच छापून आलेलं वॉलेट वापरलं. ते शब्द विकणाऱ्याकडेही असतात हो!
- नाणी ज्या पत्त्यावर जाणार तो वॉलेटच्या स्क्रीनवर न तपासता बटण दाबलं.

सिक्युअर एलिमेंट (गुपितं जपणारी खास चिप) की ओपन सोर्स (कुणालाही तपासता येणारा कोड), हा वाद सध्या राहू द्या. आधी किरकोळ रक्कम टाका, वॉलेट रीसेट करा आणि कागदावरच्या शब्दांवरून ती परत दिसते का बघा.