रात्री डॉक्टरांना फोन करताना

अगं, नाइट ड्यूटीला डॉक्टरांना फोन करायची धास्ती सुरुवातीला सगळ्यांनाच असते. झोपमोड झाली म्हणून ते चिडतील, या भीतीने फोन लांबवू नकोस. फक्त नंबर लावण्याआधी केसपेपर हातात घे आणि बीपी, पल्स, ऑक्सिजन स्वतः पुन्हा बघ.

"पेशंट बरा वाटत नाहीये सर" असं मोघम नको. "बेड सातचे आजोबा, काल हर्नियाचं ऑपरेशन झालंय. बीपी ९०/६० आहे, तासापूर्वी १२०/८० होतं, लघवीही कमी झालीय. आत रक्तस्राव होत असावा असं वाटतं, तुम्ही येऊन बघा," असं सांग. आत्ताची स्थिती, मागची माहिती, तुझा अंदाज आणि तुला काय हवंय. ही 'एसबार' पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून हॉस्पिटलांत आली. शेवटच्या दोन गोष्टी नवीन मुली संकोचाने गिळून टाकतात, आणि निर्णय घ्यायला नेमक्या त्याच लागतात.

तोंडी ऑर्डर मिळाली की लगेच लिही, फोन चालू असतानाच वाचून दाखव. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून "वन फाइव्ह" असे अंक सुटे म्हण. ते वैतागले तरी हे सोडू नकोस. सकाळच्या राउंडला त्या ऑर्डरवर सही घेऊन ठेव.