खेळाडू गेला, भार राहिला

प्रश्न : मिनेसोटा वाइल्ड या आइस हॉकी संघाने झॅक परीझे आणि रायन सूटर यांना २०२१ मध्ये करारातून मोकळे केले. तरीही पुढे कित्येक मोसम त्यांच्या नावाची मोठी रक्कम संघाच्या वेतनमर्यादेतून वजा होत राहिली. हे कसे? आणि मग दीर्घ मुदतीचे करार करूच नयेत का?

उत्तर : नॅशनल हॉकी लीगमध्ये २००५-०६ पासून प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर कडक मर्यादा आहे. त्याआधीचा अख्खा मोसम याच वादातून झालेल्या टाळेबंदीत वाया गेला होता. मर्यादेत खेळाडूची नोंद त्या वर्षी हाती पडलेल्या पैशाची होत नाही, तर कराराची एकूण रक्कम भागिले वर्षे या सरासरीची होते. संघांनी नेमकी हीच फट हेरली. सुरुवातीला भरघोस पगार द्यायचा आणि शेवटी नाममात्र पगाराची काही वर्षे जोडायची, म्हणजे सरासरी खाली येते. न्यू जर्सी डेव्हिल्सने २०१० मध्ये इल्या कोवालचुक यांच्याशी केलेला १७ वर्षांचा, १० कोटी २० लाख डॉलरांचा करार लीगने याच कारणासाठी फेटाळला आणि लवादाने तो निर्णय कायम ठेवला.

परीझे आणि सूटर यांचे २०१२ मधील करार एकसारखेच होते : १३ वर्षे, ९ कोटी ८० लाख डॉलर, म्हणजे दरवर्षी सुमारे ७५ लाख ४० हजारांची नोंद. प्रत्यक्षात पहिली दोन वर्षे प्रत्येकाचा पगार वर्षाला १ कोटी २० लाख ठरला होता, तर शेवटच्या दोन वर्षांत वर्षाला जेमतेम १० लाख मिळायचे होते. करार मोडताना प्रत्येकाचे एक कोटी डॉलर देणे उरले होते. नियमानुसार त्याचे दोन तृतीयांश, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट मुदतीत, म्हणजे आठ वर्षांत द्यायचे. वर्षाला सुमारे ८ लाख ३३ हजार. संघमालकाच्या खिशाला हे मुळीच जड नव्हते. मर्यादेचा हिशेब मात्र वेगळा आहे : मूळ नोंदीतून फक्त त्या वर्षी वाचलेला पगार वजा होतो. २०२३-२४ मध्ये पगारच १० लाख असल्याने बचत झाली अवघी १ लाख ६७ हजारांची, आणि प्रत्येकामागे सुमारे ७३ लाख ७० हजारांचा भार उरला. दोघांचे मिळून १ कोटी ४७ लाख! २०२४-२५ मध्येही तेवढेच, आणि तेव्हा संपूर्ण मर्यादा ८ कोटी ८० लाखांची होती. म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा संघात नसलेल्या दोन खेळाडूंवर अडकला होता. त्यानंतर २०२८-२९ पर्यंत दोघांचे मिळून वर्षाला सुमारे १६ लाख ७० हजार राहतात. थोडक्यात, सुरुवातीच्या वर्षांत मर्यादेबाहेर जे जास्तीचे दिले गेले, ती उधारीच होती, आणि ती फेडावी लागली नंतरच्या व्यवस्थापकाला.

खेळाडू मध्येच निवृत्त झाला तरी सुटका नाही. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २०१३ च्या सामूहिक करारात अशा वेळी संघाला आधी मिळालेला लाभ त्याच्या मर्यादेतून वसूल करण्याची तरतूद आली आणि ती जुन्या करारांनाही लागू झाली. रॉबर्टो लुओंगो २०१९ मध्ये निवृत्त झाले तेव्हा ते फ्लोरिडाकडून खेळत होते, पण व्हँकूव्हरने त्यांच्याशी केलेल्या १२ वर्षांच्या करारापोटी व्हँकूव्हरच्याच मर्यादेतून तीन मोसम दरवर्षी ३० लाखांहून अधिक वजा झाले. लीगने स्वतः मंजूर केलेल्या करारावर नंतर केलेल्या नियमाचा दंड लावणे हा मला सरळसरळ अन्याय वाटतो. पुढील करारांसाठी मुदतीचे बंधन घालणे मात्र योग्यच होते : स्वतःच्या खेळाडूशी आठ वर्षे, बाहेरच्याशी सात. २०२५ मध्ये ठरलेल्या नव्या करारात ती सात आणि सहा वर्षांवर आणली आहे.

तरीही दीर्घ करार सरसकट वाईट म्हणता येणार नाहीत. सिडनी क्रॉस्बी यांचा पिट्सबर्गशी झालेला १२ वर्षांचा करार २०१३-१४ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यांची ८७ लाखांची नोंद ६ कोटी ४३ लाखांच्या मर्यादेच्या साडेतेरा टक्के होती. करार संपताना मर्यादा वाढल्यामुळे ती दहा टक्क्यांच्याही किंचित खाली आली, आणि ते तोवर संघाचे आघाडीचे खेळाडू होते. म्हणून करार किती वर्षांचा आहे यापेक्षा पैसे कोणत्या वर्षांत वाटले आहेत आणि शेवटच्या वर्षी खेळाडूचे वय काय असेल, हे आधी पाहावे.