छाटणीचे दिवस आणि पोटाचे दिवस

डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ती माझ्याकडे सल्ला घ्यायला आली. निफाड तालुक्यातली, तेवीस वर्षांची, पहिलटकरीण, सोबत सासूबाई. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलते आहे, पण प्रश्न तिच्याच शब्दांत देते, कारण द्राक्षाच्या पट्ट्यातल्या बायका तो मला दर हंगामात विचारतात.

"मॅडम, पोटात आहे हे माहीत नव्हतं तेव्हा दोन दिवस हातानं पेस्ट लावली मी. आता हे बाळ ठेवायचं का?"

ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, तीच ही पेस्ट. औषध साधं नाही. कातडी भाजते, कातडीतून अंगात जातं, लावल्यावर कुणी दारू प्यायला तर जीव घाबरा होतो. गर्भाला त्यापासून धोका असू शकतो, अशी शंका आहेच. युरोपीय संघाने २००८ मध्ये त्याला मान्यता नाकारली. तेव्हा "काही होत नाही गं" असं म्हणून मला तिला परत पाठवता येत नव्हतं. ते वाक्य तिला घरी बऱ्याच जणांनी ऐकवलेलं होतं. त्याने तिची झोप परत आली नव्हती.

मी म्हटलं, "आधी तारखा सांग."

तिने मोबाइलमध्ये भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो दाखवला. ४ ऑक्टोबरला निळ्या पेनाने गोल, बाजूला 'छाटणी'. पेस्ट ५ आणि ६ तारखेला. पाळी आली होती २८ सप्टेंबरला, ते तिच्या पक्कं लक्षात होतं.

"बाग आज कितव्या दिवसाची?" मी विचारलं.

"अठ्ठावन्न," दोघी एकदम बोलल्या.

"छाटणीपासून मोजता ना? पण छाटणीच्या दिवशी काडीला कोंब असतो का? पोटाचंही तसंच. आम्ही दिवस पाळीपासून धरतो, गर्भ राहतो साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे तुझा १२ ऑक्टोबरच्या आसपास. पेस्ट लावलीस तेव्हा बहुतेक गर्भच नव्हता. आणि हे औषध अंगात महिनोन्‌महिने साठून राहणाऱ्यांतलं नाही."

तिने ओठ घट्ट मिटले आणि सासूकडे पाहिलं. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. मी तेवढ्यावर थांबले असते तर दोघी खुशीत घरी गेल्या असत्या. पण पुढचा प्रश्न मी सवयीने विचारतेच: "घरात फवारणी कोण करतं?"

नवरा. ट्रॅक्टरला ब्लोअर लावून. यंदा दव आणि मध्येच पाऊस, डावणी आणि भुरी या वेलीच्या रोगांच्या भीतीने एक दिवसाआड औषध. संध्याकाळी तो ओल्या शर्टानेच घरात येतो, शर्ट मोरीत पडतो आणि सकाळी ही घरच्या सगळ्या कपड्यांबरोबर हाताने धुते. "पाणी पांढुरकं होतं मॅडम. पहिली बादली नुसती औषधाच्या वासाची."

हे तिला धोक्यात धरावंसं वाटलंच नव्हतं, कारण ते रोजचं होतं! ज्या दोन दिवसांनी तिची झोप उडवली ते गर्भ राहण्याआधीचे. बाळाचा मेंदू, हृदय, हातपाय घडत होते ते ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरचे दिवस, आणि तेव्हा ती दिवसाआड त्या बादलीत हात घालत होती. कॅलिफोर्नियात सॅलिनास खोऱ्यात शेतमजूर कुटुंबांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. ज्या आयांच्या अंगात गरोदरपणी ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांचा अंश जास्त सापडला, त्यांच्या मुलांची बुद्ध्यंक चाचणी सातव्या वर्षी काहीशी कमी आली. काहीशी. त्याचा अर्थ प्रत्येक मूल अधू होतं असा नाही, आणि तिच्या बाळाचं काय होईल हे त्यावरून कुणालाच सांगता येत नाही. हेही मी तिला सांगितलं. डावणी-भुरीची बरीचशी औषधं या गटातली नसतात, पण किडीची काही असतात, म्हणून नवऱ्याला सगळ्या डब्यांच्या लेबलांचे फोटो आमच्या डॉक्टरांना पाठवायला लावले.

"मग पाडायचं का?" सासूबाईंनीच विचारलं.

डॉक्टरांचं उत्तर स्पष्ट होतं: एवढ्यावरून नाही. कुठलंही औषध न हाताळणाऱ्या बायकांतही शंभरातल्या साधारण तीन बाळांना जन्मजात काहीतरी व्यंग असतं. ती भीती शून्यावर कुणाचीच येत नाही. फॉलिक ॲसिड चालू होतंच. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत पाठीचा कणा, हृदय, मूत्रपिंडं नीट बघता येतात. बुद्धी दिसत नाही, एवढं मी मुद्दाम बोलले, नाहीतर लोक 'सोनोग्राफी चांगली' म्हणजे सगळंच चांगलं असं धरून चालतात.

उरला नवरा. तो बाहेर बाकावर बसला होता. आत बोलावून त्याला म्हटलं, "दादा, फवारणीचे कपडे तुम्हीच धुवायचे. बागेतच, हातमोजे घालून, वेगळ्या बादलीत. आंघोळ करून मगच घरात. आणि औषधाचे रिकामे कॅन घरात कशालाही वापरायचे नाहीत." तो आधी हसला. मग बायकोच्या हातांकडे बघत बराच वेळ गप्प राहिला. बोटांच्या पेरांवरची साल निघालेली होती. तो म्हणाला, "मला वाटलं, साबणाने झालं."

फेब्रुवारीत, एकोणिसाव्या आठवड्यात, सोनोग्राफी करून ती भेटायला आली. अहवालात काही वावगं नव्हतं. सासूबाईंची मात्र तक्रार होती: पोराने बागेतल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत खुंटी मारली, तिथेच कपडे बदलतो, तिथेच धुतो, पण साबणाची वडी आठवड्याला संपवतो.