मादलेन हे केकचं नाव नाही

तुमची बहीण लियोंला असते, नवरा फ्रेंच आहे, मुलगी होणार हे कळलंय आणि दोघांना तिचं नाव मादलेन ठेवायचंय. तुमच्या आईंचं म्हणणं, ‘केकचं नाव पोरीला ठेवतात का?’ आणि तुम्ही विचारताय की फ्रान्समध्ये हे नाव आणखी कशाकशाला वापरतात, आणि शाळेत तिला चिडवतील का.

ठेवा म्हणावं. बिनधास्त ठेवा.

आता सविस्तर. मी मराठी ग्रुप घेऊन युरोपला जाणारी टूर मॅनेजर होते, आणि ‘मादलेन म्हणजे केक, संपलं’ हे वाक्य आमच्या एका वरिष्ठांकडून मी भर मीटिंगमध्ये, सगळ्या स्टाफसमोर ऐकून घेतलेलं आहे. म्हणून तुमच्या आईंचा मान राखूनच सांगते, त्यांनी क्रम उलटा लावलाय. आधी बाई. मग चर्चं, गावं, डोंगर, द्राक्षं. केक पार शेवटी.

बाई म्हणजे गालील समुद्राकाठच्या मग्दला गावची मरीया. मराठी बायबल वाचणाऱ्यांना ती मग्दालीया मरीया म्हणून माहीत आहे. येशूला क्रुसावर दिलं तेव्हा बहुतेक पुरुष शिष्य पांगले, ही तिथेच उभी होती. योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे पुनरुत्थानानंतर येशू सगळ्यात आधी दिसला तोही हिलाच. पण 591 साली पोप ग्रेगरी पहिले यांनी एका प्रवचनात तिची सांगड लूकच्या शुभवर्तमानातल्या एका निनावी पापी स्त्रीशी घातली, जिने आसवांनी येशूचे पाय धुतले तिच्याशी. झालं. पुढची तेरा-चौदा शतकं ही ‘पश्चात्ताप करणारी वेश्या’. फ्रेंचमध्ये ढसाढसा रडणाऱ्याला आजही ‘मादलेनसारखा रडतोय’ म्हणतात ते त्यातूनच. रोमने 1969 साली सणांचं कॅलेंडर सुधारताना ही गल्लत सोडून दिली, आणि 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी 22 जुलै या तिच्या दिवसाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. एका बाईवरचा डाग पुसायला इतकी शतकं लागली आणि आपण तिला केकवर आणून सोडतो, याचा मला मनापासून राग येतो.

फ्रान्सने मात्र तिला आपलंच मानलं. ती नावेतून प्रोव्हान्सच्या किनाऱ्याला लागली आणि सेंत-बोमच्या गुहेत राहिली, अशी तिकडची आख्यायिका. बुर्गुंडीतल्या व्हेझलेचा मोठा मठ तिच्या अस्थी आपल्याकडे आहेत असं सांगायचा, आणि 1146 साली संत बर्नार्ड यांनी दुसऱ्या क्रुसेडची, म्हणजे धर्मयुद्धाची, हाक दिली ती तिथूनच. मध्ययुगात गावाबाहेर कुष्ठरोग्यांसाठी आश्रयगृहं बांधत, त्यातली पुष्कळ तिच्या नावाने असत. त्यामुळे गावाच्या कडेच्या वस्त्यांना, रस्त्यांना, वेशींना ला मादलेन हे नाव जागोजाग चिकटलेलं दिसतं. लीलला खेटून या नावाचं आख्खं शहर आहे. आल्प्समधल्या साव्होआत सुमारे 2000 मीटर उंचीवर याच नावाची एक खिंड आहे, 1969 पासून तूर द फ्रान्सचे सायकलपटू तिथे घाम गाळतात. तिकडे कॅनडात सेंट लॉरेन्सच्या आखातात मादलेन बेटं आहेत. ती मात्र संतिणीची नाहीत. 1663 च्या सुमारास ज्या दुब्ले नावाच्या माणसाला ती बेटं मिळाली, त्याच्या बायकोचं नाव मादलेन होतं.

आणि नैऋत्य फ्रान्समधलं दोर्दोन्य. व्हेझेर नदीच्या वळणावर एका कड्यात कोरलेली जुनी वस्ती आहे, तिथे मादलेनचं छोटं देऊळघर, खाली पाषाणयुगातल्या माणसांची राहायची जागा. एदुआर लार्ते या संशोधकांच्या उत्खननात 1864 साली तिथे मॅमथच्या, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तीच्या, दाताचा तुकडा सापडला, त्यावर मॅमथच कोरलेला. माणसाने तो प्राणी डोळ्यांनी पाहिला होता याचा इतका थेट पुरावा तोवर कोणाच्या हाती नव्हता. साधारण 17,000 ते 12,000 वर्षांपूर्वीच्या त्या काळाला पुढे मॅग्डालेनियन म्हणू लागले. स्पेनमधल्या अल्तामिराच्या छतावरचे ते रंगीत गवे त्याच काळातले. म्हणजे मरीया जन्मायच्या कितीतरी हजार वर्षं आधीच्या चित्रकारांची ओळखही आज तिच्याच नावाने सांगतात. हे मला नेहमीच फार भारी वाटत आलंय.

आता त्या दिवसाचं सांगते, कारण तुमच्या आईंना उत्तर त्यातच आहे.

पॅरिसमध्ये आमच्या ग्रुपचा दुपारचा स्टॉप ऑपेराजवळच्या पर्फ्यूमच्या दुकानात असायचा. सगळ्या कंपन्यांचा असतो. बाटल्यांचं प्रात्यक्षिक, मग खरेदी, मग टॉयलेटची रांग. ज्यांना काही घ्यायचं नसतं ते बिचारे फुटपाथवर उभे राहून घरी व्हिडिओ कॉल लावतात. मी म्हटलं, ज्यांना खरेदी नाही त्यांनी माझ्याबरोबर चला, दहा मिनिटांवर मादलेनचं चर्च आहे. दहा-बाराजण निघाले. त्यात निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार काका, टोपी घातलेले, सोबत काकू. आणि वसईच्या एक ताई होत्या, कॅथलिक, आख्ख्या टूरभर फारशा बोलल्या नव्हत्या.

बाहेर उभं राहून काका म्हणाले, “हे चर्च? कळस नाय, घंटा नाय.” बरोबरच होतं त्यांचं. 52 खांबांचं ग्रीक देवळासारखं बांधकाम आहे ते. नेपोलियनने 1806 साली आपल्या सैन्याच्या गौरवासाठी मंदिर बांधायला घेतलं, राज्य गेलं तसा बेतही गेला, मध्येच 1837 मध्ये तिथे रेल्वे स्टेशन करावं असंही निघालं होतं, आणि शेवटी 1842 मध्ये मादलेनचं चर्च म्हणूनच ते उघडलं. संगीतकार शोपँच्या अंत्यविधीची प्रार्थना 1849 साली इथे झाली, गायिका-नर्तिका जोसेफिन बेकरची 1975 साली. हे मी सांगत होते आणि लोक ऐकत होते, पायऱ्यांवर बसून, समोर थेट काँकॉर्द चौक दिसतोय.

आत गेलो. मुख्य वेदीवर तिचा संगमरवरी पुतळा आहे, देवदूत तिला वर नेताहेत. काकूंनी विचारलं, “ही देवी कोणाची?” मी तोंड उघडायच्या आत वसईच्या ताई म्हणाल्या, “मग्दालीया मरीया. माझ्या आजीचं नाव माग्दालेना होतं.” मग त्या बोलायला लागल्या. आजी भल्या पहाटे उठून दिवा लावायची आणि म्हणायची, कबरीकडे पहाटे गेली ती बाईच होती, पुरुष दारं लावून बसले होते. वसईतली, गोव्यातली ही नावं पोर्तुगीजांच्या वाटेने आली, फ्रेंचांच्या नव्हे, पण बाई तीच. ताई पुढे जाऊन गुडघ्यांवर बसल्या. काकूंनी चपला बाहेर काढायच्या राहिल्या म्हणून मागेच उभं राहून हात जोडले.

बाहेर आल्यावर मी काकांना द्राक्षांचं सांगितलं. फ्रान्समध्ये 22 जुलैच्या आसपास तयार होणाऱ्या फळांना मादलेनचं नाव देतात. त्या नावाची नासपती आहे, द्राक्षाच्या तर कितीतरी जाती. शारांत भागात लोकांच्या दारात एक जुनी काळी वेल असायची, सगळे तिला ‘मादलेनचं द्राक्ष’ म्हणायचे, वाईनवाले तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते. 2009 च्या सुमारास डीएनए तपासून जाहीर झालं की मर्लो या जगभर लावल्या जाणाऱ्या वाईनच्या द्राक्षजातीची आई हीच वेल. बाप काबर्ने फ्राँ. काका थांबलेच. “मर्लो तर आमच्या भाच्याकडं हाय, वायनरीला देतो.” आणि मग, “जुलैत पिकतं? आमच्याकडं जुलैत नुसती काडी असती.” आपली छाटणी ऑक्टोबरात आणि तोडा जानेवारीपासून, त्यांचं जुलैत लवकर पिकलेलं म्हणून कौतुक. ऑपेरापर्यंतच्या वाटेवर काका मला वेलीबद्दल विचारत होते आणि मी माहीत होतं ते सगळं सांगत होते. माझ्या नोकरीतली ही सगळ्यात चांगली दुपार.

कोचपाशी आमचे वरिष्ठ घड्याळ दाखवत उभे. ठरलेल्या वेळेच्या आत आम्ही परतलो होतो, हेडकाउंट पूर्ण होतं, सीन नदीतली क्रूझ चुकली नाही. तरी मुंबईला परतल्यावर मीटिंगमध्ये विषय निघालाच. माझ्याबरोबर आलेल्यांनी दुकानात खरेदी केली नाही, हा खरा मुद्दा. पण म्हणाले काय, तर “केकच्या नावावर तुम्ही पाहुण्यांचा वेळ घालवला. लोकांना नावं-बिवं नको असतात, फोटो हवा असतो.” पुरावा म्हणून फीडबॅक फॉर्म काढले. ‘काय आवडलं’ या रकान्यात बहुतेकांनी आयफेल टॉवर लिहिला होता, हे खरंच आहे. आयफेल टॉवर कोणाला आवडणार नाही? पण काकांनी लिहिलं होतं, ‘द्राक्षाची माहिती.’ तो फॉर्म वरिष्ठांनी वाचला नाही. मी वाचून दाखवला तरी त्यांना ऐकायचा नव्हता.

माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे. मराठी माणूस परदेशात फक्त फोटो आणि पनीर शोधतो, हा समज टूर कंपन्यांनी स्वतःच्या सोयीसाठी पसरवलाय. सांगणारा नीट सांगत असेल तर लोक पायऱ्यांवर बसून ऐकतात.

राहता राहिला केक. लोरेनमधलं कॉमर्सी हे त्याचं गाव. पोलंडचे माजी राजे आणि लोरेनचे ड्यूक स्तानिस्लास यांच्याकडे 1755 साली मादलेन नावाच्या कामवाल्या मुलीने आजीच्या पद्धतीचे शिंपल्याच्या आकाराचे केक करून वेळ निभावली आणि राजाने तिचंच नाव त्याला दिलं, असं तिथे सांगतात. पुढे पॅरिस-स्ट्रासबर्ग रेल्वे झाली आणि कॉमर्सीच्या फलाटावर बायका टोपल्यांतून ते विकू लागल्या. आपल्या कर्जतच्या वड्यासारखं गाडीने त्याचं नाव सगळीकडे नेलं. मग 1913 मध्ये मार्सेल प्रूस्तने कादंबरीत चहात बुडवलेल्या त्या तुकड्यातून आख्खं बालपण उभं केलं, आणि जुन्या आठवणी जागवणाऱ्या कुठल्याही वासा-चवीला फ्रेंच लोक ‘माझी मादलेन’ म्हणू लागले. आधीच्या खर्ड्यांत तिथे साधा भाजलेला पाव होता. मादलेन आली आणि प्रसंग जमला. तर तुमच्या आईंना सांगा, केकने नाव दिलेलं नाही, केकला नाव मिळालंय, तेही कष्ट करणाऱ्या मुलीचं.

ही नोकर मुलीची गोष्ट दंतकथाच समजा, कागदावर तिचा पक्का पुरावा नाही. प्रोव्हान्सच्या नावेचंही तेच. पण मादलेन ब्रेस ही दंतकथा नाही, 1875 साली वैद्यकातली डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली फ्रेंच बाई. मादलेन व्हियोने हिने कापड तिरकं बेतून बायकांच्या कपड्यांचं वळणच बदललं. मादलेन रिफो हिने जुलै 1944 मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, एकोणीस वर्षांची असताना, भर दिवसा सीनच्या पुलावर जर्मन अधिकाऱ्याला गोळी घातली, पकडली गेली, छळ सोसला, सुटली आणि 2024 पर्यंत जगली. यातल्या एकीलाही केकने काही कमीपणा आणला नाही.

शाळेत चिडवतील का? रडली की कोणीतरी ते ‘मादलेनसारखी’ म्हणणारच, एवढं धरून चाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नाव घरोघरी होतं, मग आजीबाईंचं वाटू लागलं, आता तरुण आईबाप पुन्हा ठेवू लागलेत. वर्गात आणखी एखादी असेलही. फ्रान्समध्ये जन्मनोंदणीत एकापेक्षा जास्त नावं लावता येतात, तेव्हा आईंच्या पसंतीचं मराठी नाव दुसरं म्हणून टाका, घरात त्यांना त्याच नावाने हाक मारू दे. आणि आई बाळंतपणाला लियोंला जाणार असतील तर परतीच्या वाटेवर एक दिवस पॅरिसला थांबवा. मेट्रोची 14 नंबरची लाइन थेट मादलेनला उतरवते, चर्चमध्ये जायला पैसे लागत नाहीत. टूर कंपनीबरोबर जाणार असाल तर हा स्टॉप आहे का ते पैसे भरायच्या आधी विचारा, नसेल तर मागून घ्या.