रेडिओ-टीव्हीवरून टेप केलेल्या कॅसेटी: आधी आहेत तशा उतरवा, साफसफाई नंतर

तुमची पोस्ट वाचून आमच्या घरच्या कॅसेटींचं प्रकरण आठवलं, म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्या आईंनी ऐंशी-नव्वदच्या दशकात रेडिओवरून, आणि टीव्हीसमोर टू-इन-वन ठेवून टेप केलेली आवडती गाणी, साठेक कॅसेटी. मालिकांच्या शीर्षकगीतांची एक वेगळी कॅसेट, शिवाय तीन व्हीएचएस. पहिल्या दहा कॅसेटी दुकानात दिल्या. दुकानदाराने ‘खरखर काढून, फक्त गाणी’ अशा एमपीथ्री पेनड्राइव्हवर दिल्या. आता आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो आणि तंबोरा गायब आहे. चूक कॅसेटची की दुकानाची, आणि उरलेल्या पन्नास घरी करता येतील का, हा तुमचा प्रश्न.

घरी करता येतील. कॅसेट न ऐकता ठाम सांगणं बरोबर नाही, पण लक्षणं घाईत केलेल्या कामाची आहेत. कॅसेटी अजून शाबूत असाव्यात.

सगळ्यात आधी एक काम. प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या पाकळ्या असतात, त्या मोडा. मोडल्या की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. जुन्या डेकवर, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्रावर, प्ले आणि रेकॉर्ड ही बटणं शेजारी-शेजारी असतात, आणि पुसलेलं परत येत नाही.

आता दुकानाबद्दल. आमच्या कॅसेटी ज्यांनी उतरवल्या त्यांनीही नेमकं हेच केलं होतं. नाव लिहीत नाही. आवाज बिघडला ते एक वेळ सोडा, मोठं नुकसान वेगळंच होतं. त्यांनी गाण्याआधीचं निवेदन कापून टाकलं. ‘आपली आवड’मधून टेप केलेलं गाणं असेल तर आधी गाण्याचे बोल, गायक, संगीतकार सांगतात आणि मग फर्माईश पाठवणाऱ्यांची नावं गावासकट वाचतात. दुकानाच्या लेखी तो कचरा. ट्रॅक गाण्याच्या पहिल्या सुरापासून सुरू आणि शेवटच्या सुराला बंद. न कापलेली मूळ फाइल मागितली तर ‘ती आम्ही ठेवत नाही’ एवढंच उत्तर. परत उतरवून द्या म्हटलं तर पुन्हा पूर्ण पैसे.

यात किती गेलं ते नीट बघा. गाण्याचं कंपनीने काढलेलं ध्वनिमुद्रण आज कुठल्याही ॲपवर तुमच्या कॅसेटपेक्षा स्वच्छ मिळतं. निवेदन मिळत नाही. मध्येच लागलेली जाहिरात मिळत नाही. गाणं संपतासंपता सुरू झालेल्या बातम्या मिळत नाहीत, आणि कॅसेट कोणत्या वर्षाची हे ओळखायला बहुतेकदा त्या बातम्यांचाच आधार असतो. टीव्हीसमोर टेप ठेवून घेतलेल्या शीर्षकगीतात तर खोलीतले आवाजही असतात: कुणी हाक मारलेली, भांडं पडलेलं, ‘गप्प बसा, टेप चालू आहे’ असं दटावलेलं. घरगुती कॅसेटीत जपायचं ते हेच. तेव्हा पहिली फाइल बाजू ‘अ’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग, मग बाजू ‘ब’ तशीच. कापाकापी, खरखर काढणं, आवाज वाढवणं हे सगळं त्या फाइलच्या नकलेवर. एवढं एक पाळलंत तर पुढची कोणतीही चूक सुधारता येते.

आवाज गोधडीखालचा का होतो? कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद, आणि सेकंदाला फक्त ४.७६ सेंटिमीटर सरकते. दहा हजार हर्ट्झच्या आवाजाची एक लाट फितीवर पाच मायक्रॉनपेक्षा कमी जागेत बसते. फितीवरचा आवाज वाचणाऱ्या हेडमधली फट फितीला जराशी तिरकी झाली की ‘स’, ‘श’, टाळ, घुंगरू हे सगळे बारीक आवाज पुसट होतात. घरच्या टू-इन-वनचं हेड बहुतेक वेळा थोडं तिरकं असायचंच. ज्या तिरक्या हेडवर टेप केलं, त्याच्यावरच वाजवलं तर कळत नाही. दुकानातल्या अगदी सरळ हेडच्या डेकवर तीच कॅसेट दबक्या, पुसट आवाजात वाजते. दुकान सगळ्या कॅसेटी एकाच डेकवर, काही न जुळवता वाजवतं आणि मग ट्रेबल चढवून भरपाई करतं. त्याने खरखर वाढते, म्हणून ती काढायला सॉफ्टवेअर चालवतं. एकावर एक तीन चुका.

उपाय एका स्क्रूचा आहे. हेडच्या दोन बाजूंना दोन छोटे स्क्रू असतात. ज्याच्याखाली बारीक स्प्रिंग असते किंवा डोक्यावर रंगाचा थेंब असतो, तो जुळवायचा. आधी मार्करने त्याची मूळ जागा खूण करून ठेवा. कॅसेट चालू ठेवून, डावा-उजवा दोन्ही चॅनल एकत्र (मोनो) करून हेडफोनवर ऐकत स्क्रू अगदी हळू फिरवा. पाव फेऱ्याच्या पलीकडे सहसा जावं लागत नाही. ‘स’ आणि टाळ सर्वात लखलखीत ऐकू येतील तिथे थांबा. स्क्रूड्रायव्हर चुंबक लागलेला नसावा. हे प्रत्येक कॅसेटला, आणि खरं तर प्रत्येक बाजूला, नव्याने करायचं. कंटाळवाणं आहे, पण आवाजातला सर्वात मोठा फरक इथे पडतो, महागड्या डेकने नाही. डॉल्बीचं, म्हणजे डेकमधल्या खरखर कमी करणाऱ्या सोयीचं, बटण बंद ठेवा. साध्या टू-इन-वनवर टेप केलेल्या कॅसेटीत डॉल्बी नसतंच. चालू राहिलं तर उरलेसुरले बारीक आवाजही दाबले जातात.

तंबोरा गायब होण्याचं कारण वेगळं. खरखर काढणारं सॉफ्टवेअर सतत, एकसारखा चालणारा आवाज शोधतं आणि वजा करतं. तंबोरा सतत, एकसारखाच वाजतो. हार्मोनियमचा धरलेला सूर आणि तबल्याची आस यांचंही तेच होतं, मागे पाण्यात बुडबुडे आल्यासारखा आवाज उरतो. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत खरखर काढण्याचं मूळ मोजमाप १२ डेसिबल होतं. भावगीताला ते जास्त होतं. करायचंच तर ६ पुरेत. खरखरीचा नमुना गाणं सुरू व्हायच्या आधीच्या, तंबोराही नसलेल्या जागेतून घ्यायचा. माझं मत विचाराल तर काढूच नका. कान दोन मिनिटांत खरखरीला सरावतो, विरघळलेल्या आवाजाला कधीच सरावत नाही.

डेक कुठला? टेबलावर ठेवायचा, चालू स्थितीतला कोणताही जुना स्टिरिओ डेक. पुण्यात रविवारी-बुधवारी जुन्या बाजारात, मुंबईत चोर बाजारात मिळतो; वाजवून बघितल्याशिवाय घेऊ नका. यूएसबीचे जे नवे स्वस्त वॉकमनसारखे डबे मिळतात ते घेऊ नका, वेग इतका डळमळतो की लांब धरलेला सूर थरथरतो. जुन्या डेकमध्ये रबरी बेल्ट हमखास सैल झालेला किंवा वितळून डांबर झालेला असतो. जुन्या बेल्टचा घेर दोऱ्याने मोजा आणि नवा त्याहून पाचेक टक्के लहान घ्या, कारण जुना ताणलेला असतो. बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडवर मिळेल. हेड आणि फीत सरकवणारा धातूचा दांडा (कॅपस्टन) आयपीएने, म्हणजे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, इअरबडला लावून पुसा; औषधाच्या दुकानातलं स्पिरिट नको. फीत त्या दांड्यावर दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरला साबणाच्या पाण्याचा ओला बड, मग कोरडा. दर पाच-सहा कॅसेटींनंतर पुन्हा. जुनी फीत तपकिरी भुकटी सोडते, आणि ती हेडवर बसली की आवाज पुन्हा मंद होतो.

कॅसेट लावण्याआधी खिडकीतून आत बघा. फितीच्या गुंडाळीवर पांढरट डाग असतील तर बुरशी आहे. मुंबई-कोकणातल्या कॅसेटीत हे सर्रास असतं. ती वाजवू नका, बुरशी डेकमधून पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. वेगळ्या पिशवीत सिलिका जेल घालून ठेवा आणि सर्वात शेवटी, दुसऱ्या फुटकळ डेकवर करा. जमलं तर हे सगळं कामच पावसाळा संपल्यावर काढा. चांगल्या कॅसेटीही एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, वर्षानुवर्षं एका जागी राहून गुंडाळी कुठे घट्ट, कुठे सैल झालेली असते. फितीच्या मागे पत्र्याच्या पातीवर नमद्याचा चौकोनी तुकडा दिसायला हवा. तो गळून पडलेला असेल तर आवाज येतो-जातो. अशा वेळी पाच स्क्रूंची कोरी सी-६० (साठ मिनिटांची कॅसेट) उघडून दोन्ही चकत्या त्यात बसवा. तुटलेली फीत जोडायला स्प्लायसिंग टेपच वापरा. साध्या सेलोटेपचा गोंद पाझरतो आणि शेजारच्या वेढ्यांना चिकटतो.

जोडणी: डेकच्या लाइन-आउटमधून दोन आरसीए वायरी, लाइन-इन असलेल्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या डबीत. लॅपटॉपच्या एकुलत्या एका गोल भोकात घालू नका. ते हेडसेटचं असतं, त्यातला माइक मोनो आणि इतका संवेदनशील असतो की आवाज फाटतो. ऑडॅसिटीत ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. कमी चालेल, शून्याला टेकता कामा नये. तासाभराची फाइल साधारण १ जीबी होते, फ्लॅकमध्ये साठवली की बरीच आटते आणि काही हरवत नाही. एमपीथ्री मावशीला व्हॉट्सॲपवर पाठवायला, साठवायला नाही.

मीडियम वेव्हवरून घेतलेली गाणी मोनोच असतात, तरी उतरवताना दोन्ही चॅनल घ्या. नंतर त्यातलं स्वच्छ असेल ते एकच ठेवा. दोन्ही मिसळले आणि हेड किंचित जरी तिरकं असलं तर बारीक आवाज एकमेकांना खातात.

वेग तपासायचा असेल तर गाण्याचं कंपनीचं ध्वनिमुद्रण शेजारी लावा. साडेतीन मिनिटांचं गाणं सहा सेकंद आधी संपलं, तर तुमची फाइल सुमारे तीन टक्के जलद आहे, म्हणजे हार्मोनियमच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ निम्मी चढलेली. ‘पट्टी वेगळी वाटते’ ही तक्रार बहुधा याचीच. मात्र दोन्हीकडे तेच ध्वनिमुद्रण आहे याची खात्री करून घ्या. गीतरामायणाचं उदाहरण घ्या: आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर १९५५-५६ मध्ये ५६ गीतं वेगवेगळ्या गायकांच्या आवाजात झाली, आणि बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, एकट्याच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रिका नंतर आल्या. शीर्षकगीतांतही टीव्हीवर वाजणारा तुकडा आणि कॅसेटवर निघालेलं पूर्ण गाणं बरेचदा निराळं असतं. तुमच्या त्या कॅसेटला म्हणूनच जास्त जपा. मालिकेचे भाग नेटवर सापडले तरी सुरुवातीचं गीत अनेकदा कापलेलं असतं.

व्हीएचएसचं थोडक्यात, कारण तिथे मी घरी करा असा आग्रह धरणार नाही. चांगला व्हीसीआर मिळणं अवघड, आणि हेडच्या ड्रमवर बड वर-खाली घासला तर हेड तुटतं. बाहेर दिलंत तर लिहून घ्या: पाल (PAL) पद्धत, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं, इंटरलेस्ड तशीच ठेवलेली मूळ फाइल हवी, आणि चित्र ४:३ मध्येच. दूरदर्शनचा जुना कार्यक्रम १६:९ला ताणून दिला की सगळ्यांचे चेहरे रुंद होतात, आणि दुकानं न विचारता ते करतात.

ऑडिओसाठीही पुन्हा दुकानात जावंच लागलं तर एकच कॅसेट द्या आणि आधी विचारा: प्रत्येक कॅसेटला हेड जुळवता का, न कापलेली फ्लॅक किंवा वेव्ह फाइल देता का. पहिल्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर कॅसेट घेऊन निघा.

फायलींच्या नावात अंदाजाने वर्ष घालू नका. कॅसेटच्या कागदावर आईंनी जे लिहिलंय तेच घाला आणि त्या कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो शेजारी ठेवा. आई असतील तर उतरवताना त्यांना शेजारी बसवा आणि कोणती फर्माईश कुणाची, हे वेगळ्या फाइलमध्ये बोलून घ्या. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी. पेनड्राइव्ह धरू नका, तो वर्षानुवर्षं ठेवायच्या लायकीचा नसतो. घरी ऐकायला हे सगळं ठीक, पण यूट्यूबवर चढवलंत तर कंपनीचा दावा येऊ शकतो: भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. मी वकील नाही, शंका असेल तर विचारून घ्या.

सुरुवात आईंच्या सर्वात लाडक्या कॅसेटने नको. बाजारातून आणलेल्या एखाद्या जुन्या कॅसेटवर स्क्रू फिरवण्याचा हात बसवा, मग दुकानातून परत आलेल्या दहा घ्या. हेड पुसूनही एकच चॅनल येत असेल तर डेकचं मॉडेल आणि हेडचा जवळून काढलेला फोटो इथे टाका, बघून सांगतो.