शाळेत हात जोडले की आजी रडते

"मॅडम, दर सोमवारी हिचं पोट दुखतं," माझ्याकडे समुपदेशनासाठी लालबागहून आलेली आई सांगत होती. मुलगी तिसरीत, शाळा सिस्टरांची, इंग्रजी माध्यमाची. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. सोमवारी सगळ्या वर्गांची एकत्र प्रार्थना असते, हे मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलीशी मी एकटीशीच बोलले. ती बराच वेळ खडू चाळत बसली. मग म्हणाली, "मी शाळेत प्रार्थना म्हटली की आजी रडते. नाही म्हटली की टीचर बघतात."

घरी एकदा तिने जेवणाआधी छातीवर क्रुसाची खूण केली होती. त्या रात्री आजी जेवली नाही. तेव्हापासून मुलगी शुभंकरोतीलाही बसेना. शाळेने घरचे संस्कार पुसले, असं आईला वाटत होतं. पोरीने तर दोन्हीकडे हात जोडणंच सोडलं होतं. कुठेही जोडले तरी कुणीतरी दुखावणारच, एवढंच तिला उमगलं होतं.

ख्रिस्ती शाळेत घातलं तर मूल आपलं राहील ना, हा प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. मी तो हसण्यावारी नेत नाही. मुंबईत या भीतीला इतिहास आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या ज्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभं राहिलं, तिथल्या पारशी विद्यार्थ्यांनी 1839 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. आज मात्र पालकांच्या हातात संविधानाचं कलम 28(3) आहे. शासनमान्य शाळेत अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत भाग घ्यायला लावायचं, तर पालकांची संमती लागते. हे कितीजणांना ठाऊक असतं?

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. आपण या शाळा इंग्रजी आणि शिस्तीसाठी निवडतो. चालवणाऱ्यांचा हेतू तेवढाच नसतो. शाळा-कॉलेजं चालवणाऱ्या जेझुइट या कॅथलिक संघाचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी 1973 मध्ये माजी विद्यार्थ्यांसमोर सांगितलं होतं, की इतरांसाठी जगणारी माणसं घडवणं हे त्यांच्या शिक्षणाचं ध्येय आहे. ते ध्येय श्रद्धेतून आलेलं आहे. ते न विचारता प्रवेश घ्यायचा आणि मग श्रद्धा दिसली की दचकायचं, यात भरडलं जातं ते मूल.

पुढच्या वेळी आजी आल्या. मी शाळेच्या डायरीची पहिली पानं त्यांना मराठीत सांगितली: देवावर विश्वास, खरेपणा, गरजूंची सेवा. आईनेही ती पानं कधी वाचली नव्हती. आजींनी ऐकून घेतलं आणि नेमकं विचारलं, "मग क्रूस कशाला करायला लावतात?"

"ते त्यांनाच विचारू या, आजी," मी म्हटलं.

त्या खरंच गेल्या. मुख्याध्यापिका सिस्टर वसईच्या, घरात मराठीच बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, की कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास वेगळा, बाकीच्यांना तेव्हा मूल्यशिक्षण. खूण करायला कुणी सांगितलं नव्हतं. बाकावरच्या मैत्रिणीचं बघून हिने केली होती. मात्र प्रार्थनेला नुसतं शांत उभं राहिलं तरी चालतं, हे वर्गात कुणीच मुलांना सांगितलेलं नव्हतं. ती चूक सिस्टरांनी मान्य केली आणि वर्गशिक्षिकेला तसं सांगितलं.

घरासाठी मी आजींना एकच वाक्य सुचवलं होतं: "तू प्रार्थना म्हटलीस तरी मी रडणार नाही." त्या म्हणाल्या, "मी खोटं नाही बोलणार." मला ते पटलं. शेवटी त्यांनी नातीला जवळ घेऊन सांगितलं, "मला वाईट वाटेल, पण त्यात तुझी चूक नाही गं."

त्यानंतरचे दोन सोमवार पोट दुखलंच. तिसऱ्या सोमवारीही दुखलं, पण ती शाळेत गेली. शुभंकरोतीला अजून बसत नाही. आजी दिवा लावायला निघाल्या की काडेपेटी मात्र तीच आणून देते.