गोल टोकांचा स्लॅब-सेरिफ मालाच्या नावापुरताच ठेवा

तुम्ही काणकोणातून लिहिलंय की लोणच्याच्या बरणीवर गोल टोकांचा स्लॅब-सेरिफ (अक्षरांना जाड पाय असलेला) फॉन्ट स्क्रीनवर छान दिसतो, पण छापल्यावर घटकांची ओळ चिकटून जाते. चार वर्षांपूर्वी आमच्या कोकम आगळाच्या लेबलावर अगदी हेच झालं.

फॉन्टचा दोष नाही. अमेरिकन टाइपरायटर हा याच घडणीचा फॉन्ट घ्या, जोएल केडन आणि टोनी स्टॅन यांनी 1974 मध्ये केलेला. यंत्राच्या टाइपसारखी प्रत्येक अक्षराला सारखीच जागा तो देत नाही, म्हणून शब्द एकसंध दिसतो. डिझायनर मिल्टन ग्लेझरच्या 'आय लव्ह न्यू यॉर्क' या हृदयाच्या चिन्हात तोच आहे. पाय जाड, टोकं गोल, त्यामुळे अक्षर भक्कमही वाटतं आणि मायेचंही. घरगुती मालाला याहून शोभणारं वळण मला तरी माहीत नाही.

माझी चूक अशी, की नावाचं जाड वजनच (वजन म्हणजे अक्षराच्या रेघेची जाडी) मी घटक आणि पत्त्यालाही लावलं, तेही 5 पॉइंटमध्ये, खाकी कागदावर. तो कागद शाई पितो, रेघ फुगते. स्लॅबचे पाय मुळातच शेजारच्या अक्षराला भिडायला आलेले असतात. ते जोडले गेले, आर-एन मिळून एम दिसू लागला, ई आणि ए यांच्या पोकळ्या बुजल्या. प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, मागितलं होतं हो! "स्क्रीनवर दिसतं तसंच येईल" म्हणून प्रेसने टाळलं, आणि मी हट्ट धरला नाही. दोन हजार लेबलं वाया गेली, वर "फाइल तुमचीच होती" हे ऐकावं लागलं. कुठल्या कागदावर शाई किती पसरते हे गिऱ्हाइकाने कसं ओळखायचं? अजून राग येतो.

मी डिझायनर नाही, दुसऱ्यांचा अनुभव वेगळा असेल. पण माझं मत पक्कं आहे: हा फॉन्ट फक्त मालाच्या नावासाठी. बारीक मजकुराला साधा, बिनपायांचा, मध्यम वजनाचा घ्या आणि अक्षरांत जागा किंचित वाढवा. मालाच्या निव्वळ वजनाच्या आकड्याची किमान उंची नियमात ठरलेली असते, ती आधी बघा. त्याच कागदावर, त्याच मशीनवर काढलेलं प्रूफ हातात आल्याशिवाय होकार देऊ नका.

मराठी नावाचं वेगळंच. देवनागरी शिरोरेषेला लटकते, स्लॅब पायांवर उभा राहतो. दोन्ही जाड घेतले तर एकाचा पट्टा वर, दुसऱ्याचा खाली, आणि लेबल कोंदटतं. आम्ही मराठीला एकटाइप या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा बलू 2 घेतला, तोही गोलसर आहे, पण एक वजन हलका, आकाराने थोडा मोठा. बारीक मराठीला त्यांचाच मुक्ता.

प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे त्यांच्या नुसत्या आकृत्या करून) द्या, म्हणजे त्यांच्याकडे फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. मूळ फाइल मात्र वेगळी जपा. कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये पुढच्या खेपेची तारीख टाइप करता येत नाही.